तपासणीच्या रांगेतल्या तारखा

विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीकडे आपण बहुधा एक वैताग म्हणूनच पाहतो. पट्टा काढा, घड्याळ काढा, लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा, खिसे रिकामे करा, हात पसरून उभे राहा. परदेशी जायचे असेल तर पाण्याची बाटलीही टाकून द्या. मागचा माणूस घाई करतो, पुढच्याचे काहीतरी यंत्रात अडकते आणि विमानाची वेळ जवळ येत जाते. मला मात्र ही रांग गेली काही वर्षे एखाद्या जुन्या दफ्तरासारखी वाटू लागली आहे. दफ्तरातल्या कागदांवर जशा तारखा असतात, तशा या रांगेतल्या बहुतेक नियमांनाही तारखा आहेत. कोणा अधिकाऱ्याला एके दिवशी सुचले म्हणून हे नियम आलेले नाहीत. ते कुठेतरी काहीतरी घडून गेल्यावर, बहुतेक वेळा माणसे मेल्यावर, लिहिले गेले आहेत.

या लेखात त्या तारखांचा माग काढायचा आहे. त्यासोबत दोन प्रश्नही विचारायचे आहेत. संकट ज्या वाटेने आले, त्याच वाटेवर पहारा बसला का? आणि एकदा बसलेला पहारा कधी उठतो का?

दार उघडे होते तेव्हा

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन जुहूला उतरले आणि आपल्याकडची नियमित हवाई टपालसेवा सुरू झाली. पुढे प्रवासी आले, तेव्हा त्यांची तपासणी म्हणजे तिकीट आणि वजन, एवढीच होती. परदेशी जाणाऱ्यांना जकातीचा जाच असे. पण तो सोने आणि घड्याळे शोधण्यासाठी, शस्त्रे शोधण्यासाठी नव्हे. विमानाचे तिकीट परवडणारा माणूस विमानालाच धोका देईल, ही कल्पनाच कोणाला शिवलेली नव्हती.

ती पहिल्यांदा शिवली १६ जुलै १९४८ रोजी. मकावहून हाँगकाँगला निघालेले ‘मिस मकाव’ नावाचे छोटे समुद्री विमान चौघांनी लुटीसाठी ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. झटापटीत वैमानिकाला गोळी लागली आणि विमान समुद्रात कोसळले. २६ जणांपैकी एकच वाचला, आणि तो लुटारूंपैकीच एक निघाला. खरी गंमत, तिला गंमत म्हणायचे तर, पुढे आहे. विमान हाँगकाँगचे, म्हणून खटला तिथेच चालावा, असे पोर्तुगीज मकावने म्हटले. गुन्हा आपल्या हद्दीबाहेर घडला, असे ब्रिटिश हाँगकाँगने उत्तर दिले. अखेर तो माणूस खटल्याविनाच सुटला. आकाशातल्या गुन्ह्याला मालक नव्हता. विमानात घडलेल्या गुन्ह्याबद्दलचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय करार टोकियोत झाला, तो १९६३ साली; म्हणजे पंधरा वर्षांनी. विमान पळवणे हाच गुन्हा मानणारा करार हेगला १९७० मध्ये झाला.

काश्मीर प्रिन्सेस

या इतिहासातले एक पान मराठी वाचकाने विसरू नये असे आहे. ११ एप्रिल १९५५ रोजी एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघाले. बांडुंग परिषदेला जाणारे चिनी प्रतिनिधी आणि पत्रकार त्यात होते. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांचा बेत बदलला होता, म्हणून ते त्यात नव्हते. विमान चालवत होते कॅप्टन डी. के. जातार. समुद्रावर असताना स्फोट झाला, पंखाला आग लागली. जातार यांनी विमान पाण्यावर उतरवण्याची शर्थ केली. १९ पैकी तिघे वाचले. त्यांत देखभाल अभियंता अनंत कर्णिक होते. कर्णिकांनी पुढे या प्रसंगावर पुस्तकही लिहिले.

चौकशीत दिसले ते असे. बॉम्ब चाकांच्या कप्प्याजवळ ठेवलेला होता आणि संशय गेला तो हाँगकाँगच्या विमानतळावर विमानांची साफसफाई करणाऱ्या एका कामगारावर. तो तैवानला निघून गेला होता. म्हणजे बॉम्ब प्रवाशाच्या पेटीतून आला नव्हता, त्याच्या खिशातून तर नव्हताच. ज्याच्याकडे विमानापाशी जाण्याचा परवाना होता, त्याच्या हातून तो आला होता. ही गोष्ट लक्षात ठेवू, कारण पुढे ती पुन्हा येणार आहे.

चौकट कशी उभी राहिली

आपण ज्या चौकटीतून चालत जातो, तिचे मूळ शोधत गेले की आपण थेट १८८१ सालात पोहोचतो. त्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विजेच्या वेटोळ्यांचे एक यंत्र बनवले. धातू जवळ आला की त्यात आवाज होई. गोळी काही सापडली नाही. पलंगाच्या लोखंडी स्प्रिंगांनी यंत्राला चकवले, असे सांगतात. तत्त्व मात्र खरे होते. आजच्या चौकटीतही बदलते चुंबकीय क्षेत्र असते. धातू त्यातून गेला की त्या धातूत क्षीण प्रवाह उमटतो, आणि तो प्रवाह चौकटीला कळतो. चौकटीला बंदूक कळत नाही, धातू तेवढा कळतो. म्हणून पट्ट्याचे बक्कल, मंगळसूत्र आणि गुडघ्यातली वाटी तिच्या लेखी सारखीच.

हे यंत्र विमानतळावर आणले ते अमेरिकेने, आणि तेही नाइलाजाने. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत तिथे शंभराहून अधिक वेळा विमान पळवण्याचे प्रकार घडले. कित्येकांना क्यूबाला जायचे असे, काहींना खंडणी हवी असे. तरीही सरसकट तपासणीला विमान कंपन्यांचा विरोध होता. खर्च वाढेल आणि गिऱ्हाईक बिथरेल, ही त्यांची भीती. नोव्हेंबर १९७२ मध्ये तिघांनी एक विमान पळवले आणि ते ओक रिजच्या अणुकेंद्रावर आदळण्याची धमकी दिली, तेव्हा विरोध संपला. ५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची तपासणी सुरू झाली. प्रवासी बिथरेल ही भीती खोटी ठरली. तो निमूटपणे रांगेत उभा राहिला, आणि आज पन्नास वर्षांनीही उभा आहे.

आपल्याकडची रांग

भारताची पहिली मोठी तारीख ३० जानेवारी १९७१. श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे फोकर विमान दोघा तरुणांनी लाहोरला नेले. त्यांच्याजवळचे पिस्तूल आणि हातबॉम्ब नकली होते, हे पुढे उघड झाले. प्रवासी सुखरूप परतले, विमान मात्र लाहोरला जाळले गेले. भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास बंदी केली. पश्चिम पाकिस्तानातून पूर्व पाकिस्तानात जायला श्रीलंकेचा वळसा घ्यावा लागू लागला, आणि ते वर्ष बांगलादेश युद्धाचे होते. लाकडी हातबॉम्बाचा धक्का इतक्या दूरवर पोहोचला.

१० सप्टेंबर १९७६ रोजी दिल्लीहून मुंबईकडे निघालेले बोइंग पुन्हा लाहोरला नेले गेले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेचा वेगळा कक्ष निघाला. त्याचेच १ एप्रिल १९८७ रोजी स्वतंत्र ब्युरोत रूपांतर झाले. आज ट्रेमध्ये काय ठेवावे आणि काय काढावे, हे ठरवणारी संस्था तीच.

कक्ष निघाला त्याच वर्षी त्याची परीक्षा झाली. डिसेंबर १९७८ मध्ये पांडे आडनावाच्याच दोन तरुणांनी (समितीशी त्यांचा काही संबंध नाही) लखनौहून दिल्लीला जाणारे विमान वाराणसीला नेले. इंदिरा गांधींची सुटका व्हावी, ही त्यांची मागणी. त्यांची शस्त्रे म्हणजे खेळण्यातले पिस्तूल आणि कापडात गुंडाळलेला क्रिकेटचा चेंडू. पुढे १९८० मध्ये दोघेही उत्तर प्रदेशात आमदार झाले! खेळण्यातले पिस्तूल हाताच्या पिशवीत चालत नाही, म्हणून नातू रडू लागला, तर आजोबांनी त्याला ही गोष्ट जरूर सांगावी. विमानात खऱ्या-खोट्या पिस्तुलातला फरक दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कळतो. त्या क्षणी कळत नाही.

सप्टेंबर १९८१ मध्ये कृपाणांच्या धाकावर एक विमान लाहोरला गेले. १९८२ मध्ये विमान अपहरणविरोधी कायदा झाला. मात्र कृपाणावर सरसकट बंदी आली नाही. देशांतर्गत प्रवासात शीख प्रवाशाला ठरावीक मापाचे कृपाण नेता येते. पाते सहा इंचांपर्यंत, एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत. भीती आणि श्रद्धा यांच्यामध्ये इंचांत आखलेली अशी रेघ मला फार बोलकी वाटते.

एप्रिल १९९३ मध्ये दिल्लीहून जम्मूमार्गे श्रीनगरला निघालेले विमान पळवले गेले. राष्ट्रीय सुरक्षा रक्षकांनी अमृतसरला ते सोडवले; एकही प्रवासी दगावला नाही. अपहरणकर्ता पायाला बँडेज बांधून, अपंगाच्या मिषाने चढला होता, आणि पिस्तुले त्या बँडेजखाली होती. प्लास्टर घातलेल्या माणसाची किंवा चाकाच्या खुर्चीतल्या आजींची तपासणी पाहून आपला जीव कळवळतो. त्या कळवळ्याचाच फायदा एकदा घेतला गेला होता.

मग २४ डिसेंबर १९९९. काठमांडूहून निघालेले आय. सी. ८१४ अमृतसर, लाहोर, दुबई करत कंदाहारला गेले. ३१ डिसेंबरला तीन दहशतवाद्यांच्या बदल्यात प्रवासी सुटले. तोवर विमानतळांवरची तपासणी त्या त्या राज्याच्या पोलिसांकडे असे. ३ फेब्रुवारी २००० रोजी जयपूरचा विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेला आणि पाठोपाठ इतर विमानतळ गेले. आज आपल्या पाठीवरून यंत्र फिरवणारा जवान बहुतेक ठिकाणी याच दलाचा असतो.

मालक नसलेली पेटी

या सर्व तारखांत सर्वात काळी २३ जून १९८५. एअर इंडियाचे ‘कनिष्क’ आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिकवर फुटले. ३२९ माणसे गेली. आदल्या दिवशी कॅनडात व्हँकुव्हरला एका माणसाने पेटी दिली. पुढच्या विमानात त्याची जागा पक्की नव्हती, तरी पेटी थेट पुढे पाठवा असा त्याने आग्रह धरला, आणि तो मानला गेला. पेटी चढली, माणूस चढलाच नाही. टोरांटोला सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र ऐनवेळी बंद पडले होते आणि हातातल्या उपकरणांवर भागवण्यात आले. त्याच दिवशी तोक्योच्या नारिता विमानतळावर दुसऱ्या पेटीचा स्फोट होऊन दोन कामगार ठार झाले.

यातून आलेला नियम एका वाक्याचा आहे: ज्याची पेटी, तो विमानात हवा. आपल्याकडे पुढे बरीच वर्षे विमानाच्या शिडीजवळ पेट्या ओळीने मांडलेल्या असत आणि प्रत्येकाने बोट दाखवून आपली ओळखायची असे. भर उन्हात धावपट्टीशेजारी उभे राहून ‘ती तपकिरी, दोरी बांधलेली’ असे सांगणे, हे त्या पिढीतल्या प्रवाशांना आठवत असेल. ती कनिष्कची सावली होती. तरीही २१ डिसेंबर १९८८ रोजी लॉकरबीवर पॅन ॲमचे विमान फुटले, तेही मालकाविना प्रवास करणाऱ्या पेटीमुळेच, २७० बळी. शिकवणी एका देशाची, चूक दुसऱ्या देशाची.

आणि मधल्या काळात, ५ सप्टेंबर १९८६ रोजी, मुंबईहून निघालेले पॅन ॲमचे विमान कराचीला उभे असताना चौघे त्यात शिरले. ते रांगेतून आले नव्हते. सुरक्षारक्षकांचे गणवेश घालून, रक्षकांच्या गाडीसारखी रंगवलेली गाडी घेऊन ते थेट विमानापाशी गेले. मुंबईत वाढलेली नीरजा भनोत त्या विमानात होती; प्रवाशांना वाचवताना तिने प्राण दिले, तेव्हा तिची तेविशी दोन दिवसांवर होती. १९५५ चा सफाई कामगार आणि १९८६ चा गणवेश यांचा धडा एकच आहे. विमानाला दोन दारे असतात. आपण पहिल्या दारापाशी रांग लावतो, ती सर्वांना दिसते. दुसऱ्या दाराची रखवाली प्रवाशाला कधी दिसत नाही. माझ्या मते विमानतळाची सुरक्षा पुढच्या रांगेच्या लांबीवरून जोखू नये. मागच्या दाराने आत जाणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याचा परवाना आणि झडती किती नेमाने होते, त्यावरून ती जोखावी.

बूट, बाटली आणि खोबरे

चालू शतकातल्या तारखा आपल्या अंगावरच्या वस्तूंशी जोडलेल्या आहेत. ११ सप्टेंबर २००१ नंतर लहानसहान पातीही गेली. २२ डिसेंबर २००१ रोजी पॅरिसहून मायामीला जाणाऱ्या विमानात एकाने बुटातली स्फोटके पेटवण्याचा प्रयत्न केला. अमेरिकेत बूट काढणे आले. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटिश पोलिसांनी शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटके नेण्याचा कट उधळला. शंभर मिलिलिटरची मर्यादा आली. औषधे आणि बाळाचे दूध यांना सवलत आहे, पण ती मागावी लागते, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असावी.

काही नियमांचा दहशतवादाशी मात्र काडीचा संबंध नाही, आणि तिथेच सर्वाधिक वाद होतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर माझ्या पुढे एक आजी होत्या. बंगळूरला लेकीकडे निघालेल्या. पिशवीत सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या.

“मावशी, हे नाही नेता यायचं,” तपासणीवरची मुलगी म्हणाली. बोलण्यावरून विदर्भातली असावी.

“अगं बाई, खोबरं आहे ते, बॉम्ब नाही!”

“माहीत आहे हो मावशी. माझी आईपण चिवड्यात घालते. पण नियम आहे.”

आजींनी वाट्या काढून दिल्या, त्या रागाने नव्हे, तर ‘वाया घालवू नकोस, घरी ने’ असे बजावून. कारण त्यांना कोणी सांगितले नाही. ते असे: सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असते आणि साठवणीत ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. म्हणून मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय यादीत ते स्वतःहून पेटणाऱ्या पदार्थांत मोडते. जहाजांच्या कोठारांतल्या अनुभवाचा नियम चार वाट्यांनाही लागला. शबरीमलाच्या यात्रेकरूंना मात्र यात्रेच्या हंगामापुरते पूजेचे नारळ हाताच्या सामानात नेण्याची सवलत अलीकडे दिली गेली आहे. नियम हलू शकतो, त्याला कोणीतरी कारण विचारावे लागते.

पॉवर बँकेचेही तेच. ती पोटातल्या पेटीत चालत नाही, हाताच्या पिशवीतच लागते, कारण लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये ती कोणाला तरी दिसेल आणि विझवता येईल. शंभर वॉट-तासांपर्यंत विशेष परवानगी लागत नाही. वीस हजार एमएएचची साधारण पॉवर बँक चौऱ्याहत्तर वॉट-तासांची भरते. आणि बेसनाचे लाडू? क्ष-किरण यंत्र सेंद्रिय वस्तू नारिंगी रंगात आणि धातू निळ्या रंगात दाखवते. लाडवांचा घट्ट डबा म्हणजे नारिंगी ढेकूळ, आणि स्फोटकेही बहुतेक सेंद्रियच. पडद्यासमोरच्या माणसाला दोन्हीत फरक करायचा असतो, तोही काही सेकंदांत. डबा पिशवीत वर ठेवावा आणि उघडून दाखवायची तयारी असावी. लॅपटॉप वेगळा काढायला लावतात तोही यासाठीच. त्याच्या दाट बॅटरीआड दुसरी वस्तू लपते.

झडती आणि मान

एप्रिल २००९ मध्ये दिल्ली विमानतळावर एका अमेरिकन विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची झडती घेतली. आपल्या नियमांप्रमाणे त्यांना सूट होती. काही महिन्यांनी बातमी फुटली, संसदेत गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली. स्वतः कलामांनी मात्र ब्र काढला नव्हता. मला या प्रसंगात दोन गोष्टी एकदम दिसतात. सूट मिळालेल्यांची यादी असणे हीच लोकशाहीला खुपणारी बाब आहे. आणि झडतीने मान जातो असे संसदेला वाटले, तर तो यादीबाहेरच्या माणसाचाही जात असणार. गुडघे बदललेल्या बाईला पडद्यामागे नेताना ‘काय झालंय मावशी, शस्त्रक्रिया का?’ असे विचारायला तीन सेकंद लागतात. तेवढ्याने तपासणी ढिली होत नाही.

आता शेवटचा प्रश्न. पहारा उठतो का? क्वचित उठतो. हाताच्या पिशवीला कागदी टॅग बांधून त्यावर शिक्का मारण्याची आपली पद्धत १ एप्रिल २०१७ पासून मुंबई-दिल्लीसह सात मोठ्या विमानतळांवर बंद झाली. आभाळ कोसळले नाही. अमेरिकेने बूट काढण्याची सक्ती जुलै २०२५ मध्ये उठवली. तिला जवळजवळ चोवीस वर्षे लागली. द्रवाची मर्यादा नव्या यंत्रांमुळे युरोपात काही ठिकाणी सैल होत आहे. नियम घालणाऱ्याला धोका नसतो. नियम काढल्यावर काही घडले, तर काढणाऱ्याचे नाव लागते. म्हणून नियम साचत जातात.

यावर उपाय म्हणून मी एक साधी कसोटी सुचवतो. प्रत्येक नियमापुढे त्याची तारीख आणि कारण लिहिलेले असावे, आणि ते प्रवाशाला त्याच्या भाषेत वाचता यावे. ज्याची तारीख सांगता येते, तो नियम माणूस कुरकुर न करता पाळतो, हा माझा अनुभव आहे. पेटी ओळखायला लावण्यामागे ३२९ माणसे आहेत हे कळले की उन्हात उभे राहणे जड जात नाही. आणि ज्या नियमाची तारीख कोणालाच सांगता येत नाही, तो का आहे, हे विचारण्याचा हक्क रांगेतल्या प्रत्येकाला आहे. फक्त तो प्रश्न त्या विदर्भातल्या मुलीला विचारू नये. तिने नियम केलेला नाही. आपल्यामागे अजून दोनशे जण उभे आहेत, आणि तिची पाळी संपायला बराच अवकाश आहे.